एका कोयत्याचे दोन हात

सावरबेट कुठं आहे असं उमापुरात कुणालाही विचारा. तो तोंडानं काही बोलणार नाही, नुसता गोदावरीकडं हात करील आणि हसेल. हसण्यासारखंच आहे म्हणा. नदी तिथं दुभंगते, मधे एक उंचवटा सोडते आणि पुढं जाऊन पुन्हा एक होते. त्या उंचवट्यावर चार आळ्यांचं गाव, एक मारुती, एक शाळा आणि (लोक हसतात ते इथंच) एक स्वतंत्र ग्रामपंचायत. वरच्या धरणाचं पाणी सुटलं की पावसाळाभर गावाचं बेट होतं. उरलेलं वर्ष दोन्ही अंगांना नुसती वाळू. एवढ्याशा ढेकळाला सरपंच कशाला पाहिजे, असं अलीकडचा काठही म्हणतो आणि पलीकडचाही. बेटावरची माणसं मात्र याबाबतीत भलती ताठ. वेळ पडली तर पीठ उसनं आणतील, पण पंचायत आपली आपल्याला हवी.

या पंचायतीची सरपंच सारजाबाई. तिचं माहेर पाटोद्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथं बाईचा जन्म हंड्याखालीच जायचा. म्हणून तिच्या बापानं ठरवलं होतं की पोरगी द्यायची ती पाण्याच्या गावात. त्यानं सावरबेटाचं स्थळ बघितलं ते भाद्रपदात. चहूबाजूंनी नदी फुगलेली, होडीसारखी काहील, म्हणजे गूळ करायची ती मोठी लोखंडी कढई, पाण्यावर डुलतेय. बाप हरखून गेला. घरी येऊन बायकोला म्हणाला की पोरीनं जन्माचं पुण्य केलंय. लग्न लागलं वैशाखात. नवी नवरी बैलगाडीतून वाळू तुडवत बेटावर आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूनं तिच्या हातात एक वाटी आणि एक हंडा दिला. भाद्रपदात स्थळ बघायचं नसतं, एवढं शहाणपण तिच्या बापाला तेव्हा आलं, पण बैल गेला अन् झोपा केला.

सासूचं नाव रुक्मिणीबाई. बोलायला कमी, शिकवायला पक्की. नदीच्या कोरड्या पात्रात झिरा कसा धरायचा ते तिनंच सारजाला दाखवलं. पहाटे वाळू जिथं पायाला गार लागते तिथं कोपरभर उकरायचं, बाजूला बसायचं, गप्पा मारायच्या नाहीत. पाणी आपोआप येतं. मग वाटीवाटीनं, तळ न ढवळता भरायचं. आणि झिरा ज्यानं उकरला त्याच्या मालकीचा नसतो, मागून येईल तिनं भरायचा. उभ्या बेटावर या नियमावरून कधी भांडण झालेलं नाही, आणि बेटावरच्या बायका काही गाई नव्हेत, हेही सांगून ठेवतो.

सारजाच्या नवऱ्याला, उत्तरेश्वरला, एकच बहीण होती, शिवकन्या. सारजाहून दोन पावसाळे लहान. दोघींचं इतकं जमायचं की रुक्मिणीबाईला रागवायला एकीचं नाव पुरायचं. शिवकन्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि ऐन पुरात, दिवस भरायच्या आधीच, तिला कळा सुरू झाल्या. सुईणीनं हात टेकले. चौघांनी तिला काहिलीत निजवलं, सारजानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि काहील उमापूरच्या अंगाला सोडली. मधल्या धारेत शिवकन्या गेली. बाळही गेलं. काठ समोर दिसत होता, दवाखान्यात न्यायला काठावर जीप उभी होती, आणि सारजाच्या मांडीवर त्या पोरीचं डोकं जड झालं. सारजा तेव्हापासून एकच शब्द बोलायला लागली, पूल. आमदाराचा माणूस येवो, शाळा तपासायला साहेब येवो, लसवाली बाई येवो, चहाचा कप द्यायच्या आधी ती विचारायची की पुलाचं काय झालं.

मग ती सरपंच झाली, ते एका माणसाच्या हुशारीमुळं. हा माणूस म्हणजे मोहनराव. बेटावरची निम्मी जमीन त्यांची, उमापुरातही माडीचं घर, सोसायटीचे चेअरमन. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा मोहनरावांनी गावातल्या सगळ्या बायकांचा मनातल्या मनात लिलाव केला आणि सारजाबाईवर बोट ठेवलं. कारण साधं होतं. सारजाबाई अन् उत्तरेश्वर दरसाल दसऱ्याला ऊसतोडीला जायचे ते गुढीपाडव्यालाच यायचे. निम्मं वर्ष गावात नसणारी सरपंच, याहून सोयीचं दुसरं काय असतं? बिनविरोध निवडून आली.

दसरा आला. सारजाबाईनं भांडीकुंडी बांधली, कोयता बांधला आणि सरपंचाचा शिक्काही कंबरेच्या पिशवीत घालून गाडीत चढली. झालं. सहीला सरपंच नाही, कागदाला शिक्का नाही. ग्रामसेवक बिचारा कागदांची थैली घेऊन एसटीनं पश्चिमेकडं निघायचा, कारखाना विचारत, फड विचारत, उसाच्या पाचटातून वाट काढत. सारजाबाई मोळी बांधता बांधता प्रत्येक कागद त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायची. पटला तर शिक्का, नाही तर भाकरी खाऊन परत. मोहनराव म्हणाले, ही तर उंटावरून शेळ्या हाकायला लागली. तिच्या कानावर गेलं तेव्हा तिनं निरोप धाडला की शेळ्या हाकल्याशी मतलब, उंट कुणाचा का असेना. बेटावर नळाची टाकी झाली ती याच काळात, आणि शाळेला कुंपणही.

दोन हजार बारा सालचा पाऊस नुसता हूल देऊन गेला. वरच्या धरणातच पाणी नाही, तर खाली कोण सोडणार? भाद्रपदातसुद्धा बेटाचं बेट झालं नाही. टाकीत खडखडाट. टँकर यायचा तो वाळूत रुतून बसायचा आणि त्याला ओढायला बैल जुंपायचे, म्हणजे पाणी बैलांना पाजण्यातच जायचं. पण झिरे होते. खोल गेले होते, कोपराचे पुरुषभर झाले होते, तरी वाटी भरत होती. सारजाबाईच्या टोळीचा हंगामही त्या वर्षी लवकर आटोपला, कारण ऊसच नव्हता. शिमग्याआधीच माणसं घरी आली आणि बघतात तर मोहनरावांनी गावासाठी नवी गोष्ट मांडून ठेवलेली.

गावाची स्वतःची मजूर सहकारी संस्था. बेटाभोवतीच्या वाळूचा लिलाव व्हायचा होता. बाहेरच्या ठेकेदारानं घेण्यापेक्षा आपल्याच गावानं संस्था काढून का घेऊ नये, असं मोहनरावांचं म्हणणं. वाळू आपली, मजूर आपले, नफा आपला. ऊसतोडीला जायची गरज नाही. आणि नफ्यातून पहिल्या सालीच उमापूरच्या अंगाला पूल. मोहनराव खोटं बोलत नव्हते. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला सगळं आपल्याच हातानं व्हावं अशी खोड होती. पूल त्यांनी बांधला असता, मी पैज लावून सांगतो.

फक्त ग्रामसभेची संमती लागणार होती. ती मिळवायचं काम मोहनरावांनी सटवा मुकादमाकडं दिलं. सटवा उत्तरेश्वरचा चुलतभाऊ, गावची सगळी टोळी त्याच्याच हाताखाली. त्यानं गाव मोजलं ते त्याला येत होतं तसं, म्हणजे कोयत्यानं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बाई तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते, पण हिशेबात ती नवऱ्याच्या कोयत्यात. सटवानं घरोघरी जाऊन कारभाऱ्याला विचारलं, कारभाऱ्यानं हो म्हटलं, संस्थेत त्याचं नाव पडलं, की तो कोयता पक्का. महिन्याच्या आत त्यानं मोहनरावांना सांगितलं की गावात एकही कोयता सुटलेला नाही.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी सारजाबाईचाही जीव पुलाकडंच ओढला. उत्तरेश्वरनं येऊन सांगितलं तेव्हा ती चुलीपुढं तशीच बसून राहिली. पूल. स्वतःच्या गावात बारा महिने राहणं. पाचटावर निजणं नाही, पहाटेच्या थंडीत ओल्या उसाला हात घालणं नाही. तिला रडूच आलं. रुक्मिणीबाई कोपऱ्यात वाती वळत होती. तिनं पुढची वात वळायला घेतली.

पण दुसऱ्या दिवशी झिऱ्यावर तिला परक्या गावची बाई भेटली. सुंदरबाई नावाची, खालच्या अंगाच्या गावातली. दोन कोस वाळू तुडवून हंडे घेऊन आली होती. त्यांच्या गावानं मागं वाळू काढू दिली होती. आमच्याकडं आता झिरा लागत नाही, असं ती सहज बोलून गेली, सवय झालेल्या माणसासारखी. सारजाबाईनं तिचा हंडा भरू दिला आणि आपला तसाच ठेवून तिच्यासोबत चालत तिच्या गावापर्यंत गेली. तिथं नदीला वाळूच नव्हती. खाली पिवळी चिकणमाती उघडी पडलेली, तिला भेगा, आणि भेगांतून बाभळी उगवलेल्या. सारजाबाईनं खाली बसून मातीला हात लावून बघितला. गरम होती. परत येताना तिनं मनाशी ठरवून टाकलं, आणि ठरलं म्हणजे ठरलं, ही बाई त्यातली.

त्या संध्याकाळी वाळूतच तिनं उत्तरेश्वरला सांगितलं की ती नाही म्हणणार. तो हंडा उचलता उचलता थांबला. त्यानं सटवाला शब्द दिला होता, चारचौघांत दिला होता. शिवाय बहीण त्याचीही होती. तो चिडला नाही, त्याला खरंच कळेना.

"सारजे, कोयता एक आन् म्हननं दोन, हे कसं व्हायचं?"

"फडात एक," ती म्हणाली. "हितं न्हाई."

गावात बातमी पसरायला काय लागतं! सरपंचबाई पुलाला नाही म्हणतेय. जिनं पूल पूल करून सगळ्यांचे कान किटवले तीच. बाया आळीआळीत कुजबुजायला लागल्या. काहीजणी सारजाबाईसोबत जाऊन पिवळी माती बघूनही आल्या, पण हात वर करायचं म्हटलं की सगळ्या पदर दाताखाली धरायच्या. नवऱ्याच्या शब्दाविरुद्ध, भर सभेत, सासऱ्यासमोर? आणि एक गोष्ट कुणी तोंडानं बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात होती. रुक्मिणीबाई काय करील? त्या नदीनं तिची पोर नेली होती. पुलावर पहिला हक्क असेल तर तिचा. ती पुलाच्या बाजूनं उभी राहिली तर सारजाबाई कुठल्या तोंडानं बोलणार होती? खुद्द सारजाबाईनंही सासूला विचारलं नव्हतं. कशाची भीती न वाटणारी बाई, पण एवढं तिला विचारवेना.

ग्रामसभा भरली शाळेच्या पटांगणात, सकाळच्या उन्हात. तालुक्याचे एक साहेब खुर्चीवर. पुरुष पुढं, बायका मागं व्हरांड्याजवळ, नेहमीसारख्याच. मोहनराव चांगलं बोलले. पुलाचं बोलताना त्यांनी शिवकन्येचं नावही घेतलं, आणि मनापासून घेतलं. मग संमती असेल त्यांनी हात वर करायला सांगितलं. पुढचे सगळे हात वर गेले. उत्तरेश्वरचाही गेला, सारजाबाईकडं न बघता. मोहनराव साहेबांकडं वळून म्हणाले की ठराव मंजूर, लिहून घ्या.

सारजाबाई सभेची अध्यक्ष होती. तिनं साहेबांना थांबायला सांगितलं. विरोधातले हात बघायचे राहिले होते.

मोहनराव हसले. रागानं नाही, लेकराला समजवावं तसे. "सूनबाई, सगळे कोयते झाले की. आता राह्यलं कोन?"

सारजाबाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला, पण मान खाली घातली नाही.

"मामा, फडात आमी दोघं मिळून एक कोयता. मुकादम तसंच मोजतो, आमी कदी हू का चू केलं न्हाई. पर ही ग्रामसभा हाय. हितं ह्येंचा हात ह्येंचा आन् माजा हात माजा. पूल मीच मागितला व्हता. शिवकन्येचं डोस्कं माज्या मांडीवर व्हतं, मला पूल नको कसा आसंल? पर वाळू गेली की पानी गेलं. खालच्या गावाला जाऊन बघा. मी तुमाला पुलाचा शब्द दिला व्हता, त्यो आज मागं घेते. काय म्हनायचं ते मला म्हना."

एवढं बोलून तिनं हात वर केला. पटांगणात तिचा एकटीचाच हात. मागं बायका बसलेल्या, एकीचाही हात हलेना. एकजण पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती, दुसरी उगाच मांडीवरच्या पोराची टोपी बांधत होती. सारजाबाईनं ते बघितलं. तरी हात तिनं खाली घेतला नाही.

मग रुक्मिणीबाई उठली. तिला उठायला वेळ लागला, गुडघ्यांनी कधीच राम म्हटला होता. नवरा जाऊन वर्षं झालेली, ऊसतोड सुटलेली. कोणत्याच कोयत्यात ती नव्हती, अर्ध्यासुद्धा नाही. सटवानं तिला मोजलंच नव्हतं. सगळं पटांगण तिच्याकडं बघायला लागलं.

"माजी पोर गेली ती गेली," ती मोहनरावांना म्हणाली. "पूल लई चांगला. पर पुलावरून काय रिकामे हंडे घिऊन जायचं व्हय?"

आणि तिनं हात वर केला.

त्यानंतरचं सांगायला नको, तरी सांगतो, कारण मला ते सांगायला आवडतं. आधी विधवांचे हात गेले, त्यांना कुणाला भ्यायचं नव्हतं. मग म्हाताऱ्यांचे. मग सटवाची स्वतःची बायको, छबुबाई, जिनं आयुष्यभर त्याच्यासमोर ब्र काढला नव्हता, तिनं हात वर केला आणि दुसऱ्या हातानं सुनेचा दंड धरून तिचाही वर केला. मग व्हरांडाच्या व्हरांडा वर. सटवा मान वळवून बघतोय आणि त्याला काही सुधरत नाही. उत्तरेश्वरनं अजून वरच राहिलेला आपला हात खाली घेतला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. साहेबांनी दोनदा मोजलं. ज्या बायकांना कोणत्याच कोयत्यानं धरलं नव्हतं त्यांचं पारडं जड झालं, आणि ठराव पडला.

मोहनराव उठून गेले. पुढं त्यांच्या बोअरचं पाणी गेलं आणि त्यांच्याही घरचे हंडे झिऱ्यावर आले. सारजाबाईनं टोमणा मारला नाही. तिला सुचला नव्हता असं नाही, चांगला खमंग सुचला होता, पण गिळला. त्या उन्हाळ्यात बेटावर एकाही घरानं गाव सोडलं नाही.

पण सभेच्या दुसऱ्याच दिवशी रुक्मिणीबाईनं सुनेला समोर बसवलं होतं. पूल नको म्हणाले म्हणजे मी पोरीला विसरले असं समजू नको, असं तिनं बजावलं. आता पंचायतीनं उमापुरात दवाखान्याशेजारी एक खोली घ्यायची. पावसाळ्यात जिचे दिवस भरत येतील तिनं आधीच तिथं जाऊन राहायचं, मग नदीला काय करायचं ते करू दे. सारजाबाईला हे आपल्याला इतकी वर्षं का सुचलं नाही याची लाज वाटली आणि तिनं ते बोलूनही दाखवलं. खोली मिळाली. अडचण एवढीच की तिथं बायकांसोबत राहणार कोण? धडधाकट बाई घर सोडणार कशी? सारजाबाई नावं आठवत बसली होती, तर रुक्मिणीबाई म्हणाली की त्यात आठवायचं काय, मी जाते.

सारजाबाईची आठवाआठव तिथंच थांबली. शिवकन्या गेल्यापासून ही बाई भरल्या नदीत उतरली नव्हती. लेकाच्या सासुरवाडीचं बारसं सोडलं, सख्ख्या भावाचा दहावा सोडला, पण काहिलीत पाय ठेवला नाही.

पुढच्या साली पाणी चांगलं झालं आणि धरणाचे दरवाजे ठरल्यापेक्षा आधीच उघडले. गावाचं बेट झालं. छबुबाईच्या सुनेला, जानकीला, आठवा सरत आला होता आणि तिचं पलीकडं जायचं राहून गेलं होतं. काहील काढली. जानकी आत बसली आणि घाबरून तिनं काहिलीचा काठच घट्ट धरला. धारेचा आवाज मोठा होता. काठावर सगळं गाव उभं होतं, आणि सगळ्यांना तोच जुना दिवस आठवत होता.

रुक्मिणीबाई गाठोडं घेऊन आली. पाण्याकडं तिनं बघितलं नाही. उत्तरेश्वरनं हात दिला तो धरून काहिलीत उतरली, जानकीच्या समोर बसली आणि पोरीचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"नदीकडं बघू नगं," ती म्हणाली. "माज्याकडं बघ."

काहील सुटली. ग्रामसभेत जिचा डोळा ओला झाला नव्हता ती सारजाबाई काठावर, सगळ्या गावासमोर, पदर तोंडाला न लावता रडली. पलीकडं दोघी उतरल्याचं दिसलं तेव्हाच ती घराकडं वळली.